मीठ वाढवलं आणि शांपू पातळ झाला

प्रश्न: एसएलईएसची (सोडियम लॉरेथ सल्फेट, फेस आणणारं द्रव्य) पेस्ट आणि सीएपीबी (कोकामिडोप्रोपिल बीटेन, त्याच्या जोडीचं सौम्य द्रव्य) आणून घरी दोन किलो शांपू केला. मीठ घालताच छान दाट झाला. दुसऱ्या दिवशी अजून दाट व्हावा म्हणून आणखी मीठ घातलं, तर पाणीच झालं! अंगणातल्या कोरफडीचा गरही घातला होता. दहा दिवसांत आंबट वास येऊ लागलाय. वाचवता येईल का? पुढे बचत गटातर्फे विकायचा विचार आहे.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: ताई, आधी वाईट बातमी. आंबट वास आलेला शांपू ओतून टाका, फरशी पुसायलाही ठेवू नका. ताज्या गराच्या रूपाने तुम्ही जंतूंना जेवायला वाढलंत. पाणी उकळून घेतलं तरी त्याने भागत नाही, प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारं द्रव्य, लागतंच. फेनॉक्सीइथेनॉलचं मिश्रण मिळतं, ते किलोला 10 ग्रॅमपर्यंत. आणि गर नकोच.

पातळपणाचं मात्र मला नवल नाही. एका दिवाळीला मीही असाच घाट घातला होता. हात आखडता घ्यायला हवा होता तिथे मुठीने मीठ टाकलं. जाऊबाई पातेल्यात डोकावून म्हणाल्या, “ताक केलंय का?” होतं असं, की फेस आणणाऱ्या द्रव्याचे कण पाण्यात आधी गोल गोळ्यांसारखे असतात. थोडं मीठ पडलं की त्यांचे शेवयांसारखे लांब दोरे होतात, एकमेकांत गुंततात, म्हणून दाटपणा येतो. एका टप्प्यापलीकडे मीठ गेलं की तो गुंता सैल पडतो. चूक मिठाचीच की नाही, हे वाटीत तपासता येतं: बिनमिठाचं थोडं मिश्रण घालून ढवळा, दाट झालं तर मीठच जास्त होतं. शांपू खराब नसता तर असा अर्धा घाणा मिसळून तो सुधारला असता.

आता पुन्हा करताना एक किलोच करा. 730 ग्रॅम पाणी, 150 ग्रॅम पेस्ट (70 टक्क्यांची), 100 ग्रॅम सीएपीबी (30 टक्क्यांचं). पेस्ट पाण्यात टाकून झाकून रात्रभर ठेवा, सकाळी अलगद ढवळा. घोटायला गेलात तर जेलीचे गोळे होतात आणि फेस पातेल्याबाहेर येतो. मग सीएपीबी, प्रिझर्व्हेटिव्ह, हवा असेल तर सुगंध. सायट्रिक अ‍ॅसिड पाण्यात विरघळवून थेंबाथेंबाने घाला, पीएचची (आम्लता मोजायची) पट्टी 5.5 च्या आसपास येईपर्यंत. मीठ सगळ्यात शेवटी, कारण सुगंधानेही दाटपणा बदलतो. 730 ग्रॅम पाण्यातलं थोडं सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवा, 10 ग्रॅम मीठ त्यात विरघळवा, चमच्याचमच्याने घाला, हवा तितका दाट झाला की थांबा. सीएपीबीमध्ये मीठ आधीच असतं, त्यामुळे कधी 10 ग्रॅमही लागत नाही. हाच शांपू अंगालाही चालतो.

विकायचं म्हणाल, तर घरच्यांच्या डोक्याला चालतं ते बाजारात चालत नाही. सौंदर्यप्रसाधन विक्रीसाठी तयार करायला 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार परवाना लागतो. गटाच्या बैठकीत लेबलं ठरवण्याआधी एकीने अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन चौकशी करावी.