कोंबडी शेवटी कापायचीच आहे, मग उलटी टांगून नेली तर काय बिघडलं?

बिघडतं, आणि विनाकारण वेदना होतील असं नेणं हा कायद्याने गुन्हाही आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०, कलम ११ बघा. खाण्यासाठी प्राणी मारायला तिथे सूट आहे, पण विनाकारण वेदना न देता. वाहतूकही त्याच कलमात येते, त्यामुळे ‘कापायचीच आहे’ ही सबब चालत नाही. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, नसतं. सुतळीने पाय बांधून स्कूटरच्या हँडलला लटकवली की पोटातल्या अवयवांचा भार श्वासाच्या हवापिशव्यांवर येतो. फडफड थांबली म्हणजे ती निवांत झाली असं नव्हे, श्वासासाठी धडपडत तिची चोच उघडी आहे का तेवढं बघा. मटण-चिकन खाणाऱ्याने दयामाया बोलू नये, हे तर मला अजिबात पटत नाही. दुकानदाराने ऐकलं तर तो गिऱ्हाइकाचंच ऐकेल ना! जाळीच्या क्रेटमधून आणायला सांगा. फक्त कायद्यावर फार भिस्त ठेवू नका: पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. अर्धा किलो चिकनसुद्धा येत नाही तेवढ्यात.