व्हेर्दी ऐकवायचाय? मग शेवटच्या अंकापासून सुरुवात करा

व्हेर्दी म्हणजे ऑपेरा (बहुतेक सगळं गाऊन सादर होणारं संगीतनाटक) रचणारा इटालियन संगीतकार. तो आपल्या गटाला कसा ऐकवायचा, हा तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या गटाची पहिली बैठक आठवली. तुमच्याकडे साठीच्या आसपासचे दहा-बाराजण आहेत, कान ख्याल आणि नाट्यसंगीतावर पोसलेले, इटालियनचा गंध नाही आणि हातात चार रविवार, प्रत्येकी दीड तास. आमचंही जवळपास असंच होतं.

मी सुरुवात चरित्रापासून केली होती, तेवढं करू नका. १८१३ साली खेड्यातल्या खाणावळवाल्याच्या घरी जन्म, मिलानच्या संगीत विद्यालयाने नाकारलेला प्रवेश, दोन वर्षांच्या आत दोन्ही मुलं आणि बायको जाणं, मग १८४२ च्या ‘नाबुको’ या ऑपेराचं यश. चाळीस मिनिटं स्लाइड्स चालल्या. त्यावर त्याच्याच ‘आयदा’ या ऑपेरातली विजयी मिरवणूक लावली, तुताऱ्यांसकट. एक काका गाढ झोपले. एक काकू दूध तापवायचं निमित्त काढून उठल्या, त्या परत आल्याच नाहीत.

आता मी सरळ त्याच्या ‘रिगोलेत्तो’ या ऑपेराचा तिसरा, म्हणजे शेवटचा अंक लावतो. जेमतेम अर्ध्या तासाचा आहे. गोष्ट पाच वाक्यांत सांगून टाका. मांतुआच्या ड्यूकच्या (तिथल्या संस्थानिकाच्या) दरबारात रिगोलेत्तो हा कुबडा विदूषक. त्याची एकुलती एक मुलगी जिल्दा ड्यूकने नासवली, आणि तरी तिचा जीव ड्यूकवरच. बापाने मारेकऱ्याला ड्यूकची सुपारी दिली आहे, अर्धे पैसे आधी, अर्धे काम झाल्यावर. जागा नदीकाठची मोडकी खाणावळ. बाप मुलीला भिंतीच्या फटीतून दाखवतोय, बघ तुझा प्रियकर कसा आहे ते.

आत ड्यूक गातोय, ‘ला दोन्ना ए मोबिले’. ही चाल तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी कुठल्या तरी जाहिरातीत ऐकलेली असेल, त्यामुळे चेहरे खुलतात. अर्थ सांगितलात की लगेच पडतात: बाई म्हणजे वाऱ्यावरचं पीस, घडीघडीला मन बदलणारी. आमच्याकडे एक बाई ताडकन म्हणाल्या, “आणि हा स्वतः काय करतोय?” बरोबर तेच. गाणाऱ्याचं खोटं त्याच्याच तोंडून बाहेर पडतंय. चाल सोपी आणि उडती आहे, ती मुद्दाम. का, ते शेवटी कळतं. आधी फोडू नका.

त्यानंतरच्या चौघांच्या गाण्यावर खरा वेळ घालवा. आपल्या कानाला इथे पहिल्यांदा गोंधळ ऐकू येतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. एका वेळी एकच गळा ऐकायची सवय आहे आपल्याला. साथीची सारंगीसुद्धा गायकाच्या मागून चालते. इथे चौघे एकाच वेळी गातात आणि चौघांच्या मनात वेगवेगळं आहे. मी सव्वाचार मिनिटांचा हा तुकडा चार वेळा लावतो. पहिल्यांदा फक्त ड्यूक ऐका: लांब, लोण्यासारख्या ओळी, लाडीगोडी. दुसऱ्यांदा मारेकऱ्याची बहीण माद्दालेना, तिचे सूर तुटक आणि भरभर, हसल्यासारखे. तिसऱ्यांदा भिंतीबाहेरची जिल्दा, हुंदक्यांनी तुटलेली. चौथ्यांदा बाप, खाली खर्जात पुटपुटणारा. मग पाचव्यांदा काही न सांगता लावा. आमच्याकडे पाचव्या वेळी खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

हे फोनच्या स्पीकरवर करू नका, बापाचा आवाज गायबच होतो. साधा ब्लूटूथ स्पीकरसुद्धा चालेल, फक्त जरा मोठा घ्या. आणि पहिल्या दिवशी व्हिडिओ नको. खाली मजकूर आला की माणसं वाचत बसतात.

पुढे वादळ. वाऱ्याचा आवाज कुठल्या यंत्राचा, असं विचारा. पडद्यामागचे पुरुष तोंड मिटून गुणगुणतायत, तो वारा आहे. त्याच वादळात जिल्दा ड्यूकऐवजी स्वतः मरायला दार ठोठावते. बाप उरलेले पैसे मोजतो, ड्यूकचं प्रेत समजून पोतं ताब्यात घेतो, नदीत ढकलणार इतक्यात लांबून तीच उडती चाल येते. ड्यूक जिवंत आहे, हे त्याला आणि आपल्याला एका ओळीत कळतं, कुणी काही न सांगता. मग पोत्यात कोण आहे? इथे पॉज करून समजावू नका. मी एकदा केलं होतं, अजून टोमणे खातो.

आता इतिहास सांगा, लोक स्वतः विचारतील. मूळ नाटक व्हिक्टर ह्यूगोचं, त्यात लंपट माणूस फ्रान्सचा राजा होता. ऑपेरा व्हेनिससाठी लिहिलेला, आणि तिथे तेव्हा ऑस्ट्रियाची सत्ता. राजा असा दाखवणं सेन्सॉरला चालेना, म्हणून राजाचा ड्यूक झाला. पहिला प्रयोग ११ मार्च १८५१, व्हेनिसच्या ‘ला फेनीचे’ नावाच्या नाट्यगृहात.

दुसऱ्या रविवारी तोच ‘रिगोलेत्तो’ पहिल्यापासून, व्हिडिओवर. तिसऱ्या रविवारी ‘ला त्राव्हियाता’. पहिल्या अंकाच्या शेवटी नायिका व्हिओलेत्ता आधी संथ गाते, मग एकदम द्रुत. ख्यालवाल्यांना हे सांगावं लागत नाही. विलंबितानंतर द्रुत येणार, हे त्यांच्या अंगात भिनलेलं असतं. रागाचा विस्तार शोधायला मात्र जाऊ देऊ नका, तो इथे नाही. हा ऑपेरा १८५३ मध्ये त्याच ला फेनीचेत पडला आणि वर्षभराने त्याच शहरातल्या दुसऱ्या नाट्यगृहात उचलला गेला, हे ऐकून नाटकवाल्यांना फार बरं वाटतं.

‘नाबुको’तल्या गुलामांच्या समूहगीताला पहिल्याच रात्री वन्स मोअर मिळाला, ही गोष्ट सगळे सांगतात. अभ्यासकांनी ती खोडून काढली आहे. वन्स मोअर दुसऱ्याच समूहगीताला होता. गाणं तरीही ऐकवा, पण चौथ्या रविवारी. ‘फाल्स्टाफ’ला एवढ्यात हात लावू नका. ऐंशीच्या उंबरठ्यावर लिहिलेला तो विनोदी ऑपेरा माझा सगळ्यात लाडका, आणि नवख्यांना हमखास कंटाळवाणा वाटणारा.

शेवटी प्रश्नमंजुषा ठेवू का, असं विचारलंय तुम्ही. नको. त्यापेक्षा चौथ्या दिवशी ‘त्राव्हियाता’चा शेवटचा अंक लावा. व्हायोलिनच्या वरच्या, पातळ सुरांनी सुरुवात होते, तीच जी पहिल्या अंकाआधी ऐकवली होती. मग आजारी व्हिओलेत्ता पत्र वाचते, न गाता, नुसतं बोलून, आणि खाली तिच्या प्रियकराची, आल्फ्रेदोची, जुनी प्रेमाची चाल वाजते. कुणीतरी हळूच म्हणेल, “हे आधी ऐकलंय.” कुणी म्हणालं नाही तर तुम्हीही सांगू नका, पुढे चालू द्या.