फिरत्या शौचालयांच्या सेवागाडीवर वेळ कुठे वाचवावा आणि कुठे वाचवू नये

नमस्कार. रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यात फिरत्या शौचालयांच्या सेवागाडीवर आपण चालक म्हणून रुजू होत आहात, रोजच्या फेरीत 25 शौचालये दिलेली आहेत, आणि ती वेळेत आटोपून स्वतःची व मदतनिसाची प्रकृती कशी सांभाळावी, असा आपला प्रश्न आहे. याच पट्ट्यात मी 11 वर्षे ही गाडी चालवत आहे. माझ्या अनुभवाप्रमाणे वेळ वाचतो तो शौचालय उभे करण्याच्या दिवशी, योग्य जागा निवडल्याने. त्यानंतरच्या कामात केलेली घाई अंगाशी येते.

गाडी शेजारी लागत असेल तर एक शौचालय उपसून, धुऊन, पुसून व्हायला 10 मिनिटे पुरतात. पाइप लांबवावा लागला की तेच काम अर्ध्या तासावर जाते. एका जत्रेत आयोजकांनी 12 शौचालये मंडपामागे ओळीने लावून घेतली आणि मीही दुपारचे मोकळे मैदान पाहून होकार दिला. रात्री उपशाला गेलो तेव्हा तेथे दुचाकींची दाटी झालेली होती आणि दुकाने लागलेली होती. तीन पाइप जोडून ते दुकानांच्या मागून नेले आणि खाज्याच्या एका दुकानापाशी जोड निसटून बादलीभर मैला बाहेर पडला. दुकानातल्या बाईंनी काही न बोलता खाज्याची परडी उचलून मागे नेली आणि त्या रात्री पुन्हा विक्री केली नाही. त्यांचे नुकसान मी भरून दिले, परंतु त्यांचा तो चेहरा आजही आठवतो. तेव्हापासून शौचालये उतरवतानाच गाडीची वाट चुन्याच्या फक्कीने आखतो आणि आयोजकांच्या माणसाला ती प्रत्यक्ष दाखवून, रात्रीपर्यंत मोकळी ठेवण्याचे त्याच्याकडून कबूल करून घेतो.

किनाऱ्यावर वाऱ्याचाही विचार करावा लागतो. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात आणि रात्री जमिनीकडून मतलई वारे सुटतात, त्यामुळे दुपारी निर्धोक वाटलेल्या जागेचा वास मध्यरात्री नेमका पंगतीवर येतो. आपला किनारा दक्षिणोत्तर असल्याने शौचालये मंडपाच्या उत्तरेस किंवा दक्षिणेस ठेवली, तर दोन्ही वेळा वास बाजूने निघून जातो. कुणकेश्वरच्या महाशिवरात्रीच्या यात्रेसारख्या समुद्रालगतच्या यात्रेत भरतीची रेषाही पाहावी. महाशिवरात्र वद्य चतुर्दशीला येते आणि लगेच अमावास्या असते, म्हणजे ते ऐन उधाणाचे दिवस. आदल्या आठवड्यात कोरडी दिसलेली वाळू तेव्हा पाण्याखाली जाऊ शकते. विहिरीपासून तर दूरच राहावे. जांभ्याला भेगा व छिद्रे फार असतात आणि वर सांडलेले पाणी विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. चुकून सांडलेच तर पाण्याचा फवारा मारून ते पसरवू नये. वरची माती खरवडून गोळा करावी आणि त्या जागी चुना टाकावा.

कातळावर किंवा चिऱ्यांच्या ढिगाजवळ ठेवलेले शौचालय हलवताना खाली हात घालू नये. आधी पहारीने मागची कड उचलून बॅटरीच्या उजेडात पाहावे. तेथे गारव्याला बसलेले फुरसे मी दोनदा पाहिले आहे, आणि रंगाने ते जांभ्याच्या मातीत इतके मिसळते की नजर चुकते.

सकाळी निघण्यापूर्वी पंपाला 5 मिनिटे द्यावीत. तेल पाहावे, पंपाच्या आधीच्या सापळ्यात साठलेले पाणी काढून टाकावे. ते राहिले तर पंपात ओढले जाते आणि भर जत्रेत पंप बंद पडतो. काम चालू असताना पंपाची ओढ (निर्वात दाब) दाखवणाऱ्या काट्याकडे लक्ष असू द्यावे. आमच्या गाडीवर तो पाऱ्याच्या 15 ते 18 इंचांच्या दरम्यान असला म्हणजे सारे ठीक समजतो. काटा वर आणि पाइपातून मात्र काही येत नाही, तर पाइप तुंबला आहे; काटा वर चढतच नाही, तर कोठेतरी हवा शिरते आहे, बहुधा झाकणाच्या रबरातून किंवा व्हॉल्व्हमधून. या दोन गोष्टींतला फरक कळला की निम्मी झटापट वाचते. तुंबू नये म्हणून बाटल्या, गुटख्याच्या पुड्या आणि पॅड आधी लांब चिमट्याने काढून वेगळ्या पिशवीत भरावेत. टाकीत कोणाचा मोबाइल पडला असला तरी हात घालू नये.

आता ज्यासाठी हे उत्तर मुख्यतः लिहीत आहे, ते सांगतो. गाडीच्या मोठ्या टाकीत उतरू नये, तिच्या झाकणातून डोके आत घालू नये, आणि मदतनिसालाही घालू देऊ नये. मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी साचतो. थोडा असला की सडलेल्या अंड्यासारखा वास येतो, परंतु हवेच्या दहा लाख भागांत सुमारे 100 भाग इतके प्रमाण झाले की काही मिनिटांत नाकच बधिर होते आणि वास गेला म्हणून माणूस निश्चिंत होतो. आत पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात, असे पुष्कळदा घडले आहे. 2013 च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे, आणि गाडीच्या टाकीतला धोका त्याहून कमी नाही. टाकीच्या तळाचा गाळ बाहेरूनच जेटच्या पाण्याने सैल करावा. मालकाने कितीही घाई केली तरी या बाबतीत नकार द्यावा.

धुताना वरून खाली यावे आणि जमीन शेवटी घ्यावी. टॉयलेट क्लीनरच्या आम्लावर ब्लीचिंग पावडर कधीही टाकू नये. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत दोन श्वासांतच घसा धरतो. मूत्रात ब्लीच पडले तरी त्रासदायक वायू निघतो, म्हणून आधी उपसा, मग धुणे, हा क्रम मोडू नये. शेवटी शौचालयाच्या टाकीत सुमारे 20 लिटर पाण्यात निळे रसायन मिसळून ठेवावे. ते निळ्याचे हिरवे होणे स्वाभाविक आहे. तपकिरी दिसू लागले की फेरी उशिरा होते आहे असे समजावे. एप्रिल-मेच्या उकाड्यात रसायनाचे प्रमाण वाढवावे लागते. वायुनळीच्या तोंडाशी कोळिष्टके किंवा गांधीलमाश्यांचे पोळे नाही ना, हे पाहावे, कारण ती नळी बंद असली की वास आतच कोंडतो. खाऱ्या हवेने दाराच्या बिजागऱ्या फार लवकर गंजतात. महिन्यातून एकदा ग्रीस द्यावे.

गाडी भरल्यावर लक्षात असू द्यावे की 4000 लिटर मैला म्हणजे साधारण 4 टन वजन असते, आणि अर्धी भरलेली टाकी वळणावर अधिक त्रास देते, कारण आतला मैला एका अंगाला धावतो. परशुराम घाटात किंवा आंबा घाटात वरूनच खालच्या गिअरमध्ये उतरावे. गणेशोत्सवात चाकरमान्यांच्या गर्दीमुळे मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना ठरावीक दिवस बंदी असते, तेव्हा आपल्या गाडीला मुभा आहे की नाही, हे वाहतूक पोलिसांकडे आधीच विचारून घ्यावे. मैला फक्त नेमून दिलेल्या प्रक्रिया केंद्रातच रिकामा करून पावती घ्यावी. केंद्र 40 किलोमीटरवर असले तरी पऱ्यात किंवा खाडीत नळ सोडू नये. त्याच खाडीत पुढे कोणीतरी तिसऱ्या (शिंपले) वेचत असते.

प्रकृतीविषयी: धनुर्वात, टायफॉइड आणि कावीळ अ व ब यांच्या लसींबाबत डॉक्टरांना आधीच विचारावे. पावसाळ्यात लेप्टोचा (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) धोका असतो, म्हणून पायाला भेग किंवा जखम असेल तर ती झाकून गमबूट घालावेत, आणि ताप येऊन पोटऱ्या दुखू लागल्या तर अंगावर न काढता दवाखान्यात जाऊन आपले काम काय आहे, ते स्पष्ट सांगावे. ते सांगायला अनेकांना संकोच वाटतो, परंतु त्यावरूनच निदान लवकर होते. हातमोजे काढल्यावरही साबण आणि वाहत्या पाण्याने हात धुवावेत. त्यासाठी गाडीवर पिण्याच्या पाण्यापासून वेगळा 20 लिटरचा डबा ठेवावा. डबा खाण्यापूर्वी, पाणी पिण्यापूर्वी आणि तंबाखू मळण्यापूर्वीही हा नियम पाळावा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत, आणि गमबूट घरी न नेता गाडीतच, झाकणाच्या पेटीत ठेवावेत.