बेसमेंटला कुलूप लागून पाच महिने झाले, आता उरलेत २३ दिवस

तुम्ही दहाबारा जण कर्वे रोडच्या मागच्या गल्लीत एका बेसमेंटमध्ये महिन्यातून दोन रात्री कार्यक्रम करत होतात, भिंतीवर प्रोजेक्शन, समोर लाइव्ह इलेक्ट्रॉनिक, बाजूला कुणीतरी कॅनव्हासवर काम करतंय, आणि तिकिटाचे पैसे सगळ्यांत सारखे वाटून. ९ फेब्रुवारीला मालकाने शटरला स्वतःचं कुलूप घातलं, आत प्रोजेक्टर, मिक्सर, स्पीकर आणि तीसेक चित्रं अडकली. करार ३३ महिन्यांचा, त्यातले वीसेक बाकी, पण नुसता नोटरी केलेला, आणि ज्याच्या नावावर आहे तो आता बंगळुरूला. मालक म्हणतो परवानग्या नव्हत्या, पोलिसांत देईन. तुम्ही विचारताय, आमचा ग्रुप रजिस्टर नाही तर केस करता येईल का.

परवानग्यांचं नंतर. आधी कॅलेंडर काढा. ९ ऑगस्टला सहा महिने भरतात आणि आज १७ जुलै आहे. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट १९६३, कलम ६ : कायदेशीर मार्गाने न जाता, तुमच्या संमतीशिवाय तुम्हाला जागेतून काढलं तर मालकी कुणाची या वादात न शिरता ताबा परत मागता येतो, समोर खुद्द मालक असला तरी. अट एकच, दावा सहा महिन्यांच्या आत. उशीर माफ करा हा अर्ज अपिलात चालतो, दाव्यात नाही, त्यामुळे 'बोलणी चालू होती' हे कारण कुणी ऐकून घेणार नाही. आणि पाच महिने तुम्ही नेमकं तेच केलंत. तुम्ही पाठवलेले व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट मी सगळे वाचले, दर आठवड्याला मालकाचं 'बघू सोमवारी' आणि तुमचं 'ओके काका'. अहो, कुलूप लागल्याच्या दुसऱ्या दिवशी वकील गाठायचा असतो, जुलैत नाही. सहा महिन्यांनंतर सगळं संपतं असं नाही, पण मग जागेवर तुमचा हक्क काय ते आधी सिद्ध करायचं, म्हणजे शिवाजीनगर कोर्टात तारखा घेत वर्षं काढायची. डिपॉझिट आणि सामानासाठी तीन वर्षं आहेत, त्याची आज घाई नाही.

आता तो कागद. मालक म्हणतोय सामान घेऊन जा, फक्त एवढी सही करा, आणि तुमच्यातले दोघं तयारही झालेत. त्याची तिसरी ओळ पुन्हा वाचा : 'जागेचा ताबा आम्ही स्वखुशीने सोडला असून आमची कोणतीही तक्रार नाही.' ही सही झाली की संमती आली, आणि संमती आली की कलम ६ गेलं. सही करू नका. मालकाला सामान द्यायचंच असेल तर नुसती यादी करून देऊ दे, आणि त्या यादीवर 'ताब्याचा हक्क राखून' असं लिहूनच ते घ्या. आणि कुलूप स्वतः तोडायला जाऊ नका, आज तुमची असलेली बाजू त्या रात्रीत त्याची होईल.

ग्रुप रजिस्टर नाही याने दावा अडू नये. नफा वाटून घेता म्हणजे ही नोंदणी नसलेली भागीदारी, आणि अशा भागीदारीला करारावर दावा लावता येत नाही, असं समोरचा वकील नक्की म्हणेल. पण कलम ६ चा दावा करारावर नाही, कायद्याने दिलेल्या हक्कावर आहे, आणि अशा हक्काला ही बंदी लागत नाही हे सुप्रीम कोर्टाने २००० साली हल्दीरामच्या केसमध्ये सांगितलंय. तरी वादी म्हणून बंगळुरूवाला मित्र हवाच. पोस्टरवरचं 'सहकारी' मात्र आजच काढा, सहकार कायद्याखाली नोंदणी नसताना ते नाव लावता येत नाही.

पुरावा एकाच गोष्टीचा लागेल, ताबा तुमचाच होता. शटरची चावी कुणाकडे असायची? तुमच्याकडेच असेल, लाइटबिल तुम्ही भरत असाल, तर केसला जोर आहे. मालक दुसऱ्या चावीने ये-जा करत असेल तर तुम्ही नुसते परवानाधारक, म्हणजे जागा वापरायची मुभा असलेले, ताबा माझाच, असं तो म्हणेल आणि तिथे कोर्ट कुठे झुकेल हे मी आज सांगू शकत नाही. चॅट दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं सर्टिफिकेट जोडा, ते नसलं की समोरून पहिली हरकत तीच येते.

नोंदणीबद्दल मी लिहून लिहून थकले. ११ महिन्यांचे तीन तुकडे केले की रजिस्ट्रेशन लागत नाही हे एजंट सांगतात, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगत नाही. लिव्ह अ‍ॅन्ड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, नोंदणी हवीच, आणि ती करायची जबाबदारी मालकाची आहे. महापालिका हद्दीत फी १,००० रुपये. तेवढे वाचवून तुम्ही आज इथे आलात. हे कलम काहीसं तुमच्या बाजूने वळवता येईल, पण त्यावर विसंबू नका.

पोलिसांची धमकी. तिकीट लावून कार्यक्रम होता, परवाने नसतील तर त्याचा त्रास होऊ शकतो, दारू होती की नाही हे तुम्ही मेलमध्ये लिहिलेलं नाही, ते वकिलाला खरं सांगा. पण परवाना नाही म्हणून कुलूप घालायचा अधिकार मालकाला मिळत नाही.

मला खरी काळजी चित्रांची आहे. तुमचा मार्चमधला फोटो पाहिला, शटरच्या फटीतून काढलेला, कागदाचे कोलाज थेट फरशीवर टेकवून ठेवलेत, आणि तेव्हापासून दीड महिना पाऊस पडून गेलाय. दाव्यासोबतच कोर्ट कमिशनर नेमायचा अर्ज द्या, तो आत जाऊन यादी करेल, ओल किती आलीय ते लिहील, आणि त्या रिपोर्टवर निदान चित्रं बाहेर काढायची ऑर्डर मागता येईल. मित्राला आज रात्रीच्याच बसने बोलवा, वकीलपत्रावर आणि दाव्यावर सही त्याची लागणार आहे, आणि येताना शटरची जुनी चावी असेल तर तीही आणायला सांगा.