नियम कमी असले की टेबलावर कोणाचं चालतं

बेटा,

तुझा मेसेज वाचला. दिवाळीत भुसावळला सगळी चुलत-मावस भावंडं जमणार, त्यांना आरपीजी, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र बनून गोष्ट पुढे न्यायचा खेळ, खेळवायचाय आणि डी अँड डी चं (डंजन्स अँड ड्रॅगन्स, यातला सगळ्यात प्रसिद्ध गेम) तीनशेच्या वर पानांचं प्लेअर्स हँडबुक बघून निम्मे पळतील म्हणून एका पानाचा गेम शोधतेय्स, हे एकदम बरोबर आहे. जॉन हार्परचा २०१३ चा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' घे. कॅरेक्टरचा आकडा एकच, २ ते ५ मधला. मशीन, विज्ञान, डोकं चालवायचं काम असेल तर फाशावर त्या आकड्याच्या खाली पडलं पाहिजे, बोलणं, मन वळवणं, भावनेचं काम असेल तर वर, आणि बरोब्बर तोच आकडा पडला तर खेळणारा जीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, एक प्रश्न विचारू शकतो आणि त्याचं खरं उत्तर मिळतं. झालं. ऑनलाइन सात डाइसचा सेट मागवायची गरज नाही, लुडोचे फासे तीन-चार गोळा कर, पुरे. आणि एवढंच असल्यामुळे अख्खा गेम तू अहिराणीत समजावू शकतेस, आजी जरी बसली तरी तिला "आते काय करस?" विचारलं की खेळ सुरू.

पण हलका गेम म्हणजे जीएमला काम कमी असं समजू नकोस. जे पुस्तकात लिहिलेलं नाही ते सगळं तुला ठरवावं लागतं, तिथल्या तिथे, सगळे तोंडाकडे बघत असताना. नियम जास्त ठेवायचे की माणसाने ठरवायचं, हा वाद आरपीजीपेक्षा जुना आहे बरं का. प्रशियाच्या सैन्यात १८२४ ला राइसविट्झचा युद्धखेळ आला, त्यात नियम, तक्ते भरपूर, मग १८७६ मध्ये व्हेर्दी द्यू व्हेर्न्वा म्हणाला तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी अधिकारी पंच बसवा, तोच निकाल देईल. खेळ सुटसुटीत झाला, पण सगळं त्या पंचाच्या अनुभवावर आलं. तुझ्या टेबलावर तो पंच तू.

यात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गप्प बसणाऱ्या पोरांची. समज असीरगडासारख्या किल्ल्याचा दरवाजा आहे, पहारेकऱ्याला पटवायचंय. बोलका भाऊ दोन मिनिटं असं काही रंगवून बोलतो की तू डाइस न टाकताच म्हणतेस, जा आत. मग लाजरी बहीण हळूच म्हणते "मी पण त्याला पटवते", आणि तू विचारतेस, म्हणजे नक्की काय बोलतेस? ती गप्प. डी अँड डी मध्ये तिच्या शीटवर पर्सुएजन (मन वळवणं) +५ लिहिलेलं असतं, म्हणजे डाइसच्या आकड्यात पाच मिळवायचे, पंधराचं टार्गेट असलं तरी वीसच्या डाइसवर १० किंवा जास्त पडले की काम होतं, म्हणजे निम्म्याहून जास्त चान्स, आणि तो तिच्या हक्काचा, बोलता येवो न येवो. जाड पुस्तकातल्या कंटाळवाण्या नियमांचं हे काम मला फार मोठं वाटतं. म्हणून हलक्या गेममध्ये हे तुला हाताने करावं लागेल, भाषण कितीही भारी असो, डाइस दोघांनी टाकायचे, आणि तिला "काय बोलतेस" ऐवजी "त्याच्याकडून तुला काय पाहिजे" एवढंच विचार.

दुसरं, एका पानाचे गेम एका रात्रीसाठी असतात. ग्रँट हॉविटचा 'हनी हाइस्ट' बघ, अस्वलांनी मध चोरायचा, धमाल येते, पण पोरांनी चौथ्या रविवारी विचारलं की माझं कॅरेक्टर आता काय नवीन शिकलं, तर त्या पानावर उत्तर नाही. तेव्हा लगेच जाड पुस्तकाकडे पळू नकोस, मधला रस्ता आहे, योचाय गालचा 'केर्न', फुकट मिळतो, तीन अॅबिलिटी, सामानाचे दहा स्लॉट, आणि हल्ला केला की तो लागतोच, थेट डॅमेजचा, म्हणजे किती इजा झाली त्याचा, डाइस. मला स्वतःला लांब खेळाला हाच आवडतो.

एक वही जवळ ठेव. भिंतीवर दोराशिवाय चढता येतं असं एकदा ठरवलंस तर लिहून टाक, कारण पुढच्या वेळी तू नाही म्हणालीस तर पोरं बरोबर पकडतात आणि मग तुझ्या निकालावर कोणाचा भरोसा राहत नाही. आणि डाइस टाकायच्या आधीच सांगायचं, हुकलं तर काय होईल.

केर्नची पीडीएफ सापडली नाही तर सांग, पाठवतो.

तुझा काका
जळगाव