सवंगडी शोधायला मुंबई गाठावी लागते का?

बोर्ड गेम आणि त्यांचे मेळावे यांवर आलेल्या पत्रांतली सहा इथे घेतली आहेत. लांबलेल्या पत्रांतला फक्त प्रश्न ठेवला आहे.

मुलगा पुण्याला शिकतो. बोर्ड गेमच्या मेळाव्यासाठी मुंबईला जायचं म्हणतो. तिकीट काढून लोक दोन दिवस सोंगट्या हलवायला जातात, हे काही डोक्यात शिरत नाही. खेळ विकत आणून घरी खेळता येत नाही का?
– एक पालक, दर्यापूर

खेळ विकत मिळतो, समोर बसणारा मिळत नाही. या मेळाव्यांचा जन्मच त्या अडचणीतून झाला. अमेरिकेतला ‘जेन कॉन’ १९६८ साली लेक जिनिव्हा नावाच्या लहानशा गावात, भाड्याच्या हॉलमध्ये भरला. टेबलावर सैन्य मांडून लढाया खेळणारी ही मंडळी एकेका गावात एखाददुसरीच असत, म्हणून बरेच जण एकमेकांना टपालाने चाली कळवत. पहिल्या वर्षी शंभराच्या आसपास लोक आले. दुसऱ्या वर्षी तिथेच गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांची गाठ पडली आणि १९७४ मध्ये दोघांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका घेऊन खेळायचा खेळ बाजारात आला. आज जेन कॉन इंडियानापोलिसला चार दिवस चालतो आणि ७० हजारांवर लोक येतात. जर्मनीतल्या एसेनचा ‘श्पील’ १९८३ पासून भरतो. २०२४ मध्ये तिथे दोन लाखांवर माणूस लोटला. एवढ्या गर्दीतही एका टेबलाशी चारच जण बसतात, आणि लोक येतात ते त्या चारांतला एक व्हायला.

दुसरं कारण नियमांचं. नव्या खेळाची पुस्तिका १२ ते २० पानांची असते. घरी एकाने ती वाचायची आणि बाकीच्यांनी जांभया द्यायच्या, असं होतं. वर नियम सुटतो तो वेगळाच. ‘कॅटन’मध्ये (क्लाउस टॉयबर यांनी १९९५ मध्ये काढलेला खेळ) कोणाच्याही दोन वस्त्यांमध्ये किमान दोन रस्त्यांचं अंतर लागतं. हे वाचायचं राहिलं की सगळे चांगल्या जागांना खेटून बसतात, खेळ लवकर आटोपतो आणि ‘एवढं काय आहे यात?’ म्हणून खोका माळ्यावर जातो. मेळाव्यात तोच खेळ शिकवणारा माणूस टेबलाशी उभा असतो. दहा मिनिटांत नियम सांगतो, चूक झाली की जागच्या जागी थांबवतो.

तिसरं कारण पैशाचं. परदेशी खोका साधारण ३ ते ५ हजारांना पडतो. न खेळता घेतलेल्या तीन खोक्यांतले दोन पडून राहतात. त्या हिशेबाने तिकीट स्वस्तच.

आणि एक कारण म्हणजे जे घरी कधीच जमत नाहीत ते भूमिका घेऊन खेळायचे खेळ. पाच-सहा जण बसतात, एक जण सूत्रधार. दंडारीच्या लोकनाट्यात सोंग घेतात तसं प्रत्येकाने पात्र घ्यायचं. फक्त पुढे काय घडणार हे ठरलेलं नसतं, मोक्याच्या वेळी फासा ठरवतो. चांगला सूत्रधार शंभर गावांत एखादा. झाडीपट्टीत मंडईच्या जत्रेला लोक चाळीस किलोमीटरवरून नाटक बघायला येतात, तेव्हा घरी टीव्ही नसतो म्हणून थोडेच येतात? मुलाला जाऊ द्या.

मेळाव्याला पहिल्यांदाच जाणार आहे. काय करावं, काय टाळावं?
– बी.एस्सी.चा विद्यार्थी, हिंगणघाट

मुंबईत ‘मीपलकॉन’ भरतो. तारखा दरवर्षी बघूनच आरक्षण करा. (‘मीपल’ म्हणजे माणसाच्या आकाराची लाकडी सोंगटी. २००० साली ‘कार्कासोन’ खेळताना ‘माय’ आणि ‘पीपल’ जोडून एका खेळाडूने हा शब्द घडवला.) वर्धा गाठून संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस धरली की सकाळी मुंबईत उतरता.

दार उघडायच्या वेळेला पोचा. पहिला अर्धा तास कुठेही बसू नका; फिरून कोणत्या टेबलावर काय आहे ते बघा. मग ३० ते ४५ मिनिटांचा एखादा खेळ धरा. बसतानाच ‘पहिल्यांदाच खेळतोय’ असं सांगा. लाजून मान डोलावत राहिलं की तिसऱ्या फेरीत अडकता आणि चौघांचाही वेळ जातो. खोक्यावरची वेळ सरावलेल्यांची असते. पहिल्या डावाला तिच्या दीडपट धरा, वर नियमांची पंधरा मिनिटं.

सगळ्यात मोठी चूक शेवटच्या दिवशी होते. रविवारी संध्याकाळची गाडी असते आणि दुपारी तीनला तीन तासांचा खेळ मांडला जातो. पाचला तुम्ही उठता आणि उरलेल्या तिघांचा डाव मोडतो, कारण बहुतेक खेळांत मधूनच एक खेळाडू काढता येत नाही. परतीच्या दिवशी दोननंतर एक तासापेक्षा लांब काही नको.

चिवडा खाऊन पत्ते हातात घेऊ नका. तेलाचा डाग पडला की तो पत्ता पाठीवरून ओळखू येतो आणि खेळ कायमचा खराब होतो. पाण्याची बाटली झाकणाची, तीही टेबलाखाली. खरेदी दुसऱ्या दिवशीच करा. पहिल्या दिवशी जो आवडला तो एकदा पुन्हा खेळून.

गावात असा खेळांचा कार्यक्रम ठेवायचा आहे, पण पत्ते म्हटलं की लोकांना जुगारच दिसतो. पोलीस येतील का?
– एक वाचक, आर्णी

पैसा टेबलावर येऊ देऊ नका, प्रवेशशुल्कातून बक्षीस काढू नका. १८८७ च्या जुगारबंदी कायद्याच्या कलम १३ मध्ये निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, पण कार्यक्रमाच्या दिवशी कलमावर वाद घालत बसण्यापेक्षा ग्रामपंचायतीला आधी लेखी कळवलेलं बरं. बावन्न पत्त्यांचा जोड त्या दिवशी आणूच नका.

संत्र्याच्या बागेवर खेळ तयार केला आहे: ६० पत्ते, फाशांऐवजी चार चिंचोके. आंबिया (हिवाळ्याअखेरचा) की मृग (पावसाळ्याचा) बहार घ्यायचा, ताण किती द्यायचा, माल केव्हा विकायचा, असं सगळं त्यात आहे. शाळेत मुलांना फार आवडतो. मेळाव्यात दाखवता येईल का?
– एक शिक्षिका, ता. मोर्शी

येईल. मेळाव्यांत अर्धवट खेळांसाठी वेगळी टेबलं असतात, त्याला ‘प्लेटेस्ट’ म्हणतात. बरेच लोक फक्त तेवढ्यासाठी येतात. जागा आधी मागून ठेवावी लागते.

पण बाई, शाळेत आवडतो यावर जाऊ नका. तिथे तुम्ही शेजारी उभ्या असता. मुलगा अडला की तुम्ही सांगता, म्हणजे नियमातलं भोक तुम्हीच बुजवत असता. जाण्याआधी एकदा नियमांचा कागद चार मोठ्या माणसांच्या हातात द्या आणि तोंड बंद ठेवून बाजूला बसा. कुठे थांबले, कुठला नियम दोनदा वाचला, केव्हा मोबाइल काढला, ते वेळेसकट लिहा. खेळ संपल्यावर ‘आवडला का?’ विचारू नका, लोक ‘हो’च म्हणतात. ‘कुठे नुसती वाट बघत बसलात?’ हे विचारा. ‘पुन्हा खेळलात तर पहिली चाल कोणती?’ हेही विचारा. चौघांनी एकच चाल सांगितली तर बाकीच्या चालींना अर्थ उरलेला नाही. सगळे आंबियाच घेत असतील तर मृगाला काहीतरी जास्तीचं द्यावं लागेल.

पत्ते छापखान्यात टाकू नका. ६३ बाय ८८ मिलिमीटरचे नऊ पत्ते एका ए-फोर कागदावर बसतात. तुमचे ६० पत्ते ७ कागदांत होतात आणि तीन कोरे उरतात. ते बरोबर न्या, टेबलावरच पत्ता बदलायची वेळ येते. साध्या झेरॉक्सच्या कागदावर काढा, कापा, आणि मागे जुना पत्ता घालून प्लास्टिकच्या पाकिटात सरकवा. एक रुपयाचा बदल एक रुपयातच होतो. जाड कागदावर रंगीत छापून आणलं की बदल करायला आपलाच हात धजत नाही.

आता चिंचोके. अष्टाचंग्यात चार कवड्या किंवा चार फोडलेले चिंचोके टाकतात: चारही उताणे तर चार, चारही पालथे तर आठ. दोन्ही बाजू सारख्याच पडत असतील तर १६ शक्यतांत चार एकदा, आठही एकदा, म्हणजे १०० फेकींत प्रत्येकी सहाएक वेळा. पण चिंचोका एका बाजूने पांढरा सपाट, दुसऱ्या बाजूने तपकिरी फुगीर. तो समान पडेल याचा भरवसा नाही. समजा १०० पैकी ६० वेळा पांढरी बाजू वर आली. मग चारही पांढऱ्या (म्हणजे चार) येणं १०० त १३ वेळा, चारही तपकिरी (म्हणजे आठ) येणं जेमतेम अडीच वेळा. म्हणजे आठ पाचपट दुर्मीळ. तुमच्या खेळात गारपीट ‘आठ’वर ठेवली असेल तर ती फार क्वचित येईल, आणि मुलं म्हणतील की खेळ सोपा आहे. प्रत्येक चिंचोका १०० वेळा टाकून मोजा, तसे जुळणारे चार निवडा, मग आकडे ठरवा. मुलांना हे काम द्या, गणिताचा तासही होईल.

मुंबईच्या माणसाला ‘ताण’ म्हणजे डोक्याचा ताण वाटेल. काही दिवस पाणी तोडून मग दिलं की झाड फुलोऱ्यावर येतं, ही एक ओळ पत्त्यावरच लिहा.

कल्पना चोरीला जाईल अशी धास्ती अनेकांना असते. लेखी मजकूर आणि चित्रं यांना कॉपीराइटचं संरक्षण असतं, खेळाच्या नुसत्या कल्पनेला नसतं. पण झाकून ठेवलेला खेळ सुधारतही नाही.

उन्हाळ्यात पत्ते वाकडे होतात, पावसाळ्यात फुगतात. रबरबँड लावले तर ते चिकटतात.
– एक वाचक, चिमूर

रबर मे महिन्यात वितळतंच, आणि पत्त्याच्या कडेला खाच पाडतं ते वेगळं. कागदाची दोन बोटं रुंद पट्टी गुंडाळून टोक पट्टीलाच चिकटवा. खोका पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावर नको, आडवा ठेवा. वाकलेले पत्ते जड पुस्तकाखाली दोन-तीन दिवस. कूलरसमोर पत्ते खेळू नका. ती हवा ओलसर असते आणि कागद ओल पितो.

मुंबई परवडत नाही. आमच्याच गावात असं काही करता येईल का? पोट्टे दिवसभर मोबाइलवर.
– ग्रंथालयाचे कार्यकर्ते, ता. तिरोडा

तीन सतरंज्या, बारा खेळणारे आणि तीन शिकवणारे एवढ्यावर सुरू करा. शिकवणारा स्वतः खेळायला बसत नाही; बसला की त्याचं लक्ष आपल्या डावावर जातं आणि शेजारच्या लेकराचा नियम चुकतो. शाळेची उतरती बाकं नकोत, सोंगट्या घसरतात.

धानाच्या रोवणीत आणि कापणीत दिवस ठेवू नका. तान्हा पोळ्याची दुपार चांगली, लेकरं तशीही रस्त्यावर असतात. चार तासांच्या वर नको.

एका सतरंजीवर ‘कार्कासोन’ ठेवा; चौकोनी ठोकळे जोडत गावं, रस्ते आणि शेतं उभी करायचा हा खेळ. ७२ ठोकळ्यांवर एकही शब्द नाही, त्यामुळे इंग्रजीची अडचण येत नाही. पहिल्या डावात शेतांचे गुण मोजूच नका, तिथेच सगळे गोंधळतात. दुसरीवर दहा मिनिटांत संपणारा एखादा पत्त्यांचा खेळ, उशिरा येणाऱ्यांसाठी. तिसरीवर खडूने पाच बाय पाच घरं आखून अष्टाचंगा, आणि शिकवायला गावातल्या दोन आज्या. आज्यांची सतरंजी दाराजवळ ठेवा. आत यायला लाजणारे तिथे आधी थांबतात.

छताचा पंखा एकवर. तीनवर फिरवला की पत्ते गावभर होतात, म्हणून प्रत्येक सतरंजीवर नदीतले चपटे गोटे आठ-दहा ठेवून द्या. वीज जाईल असं धरूनच चला आणि चार्जिंगचा दिवा हाताशी ठेवा. प्रत्येक खोक्याच्या झाकणाआत किती ठोकळे, किती सोंगट्या, किती पत्ते ते लिहून चिकटवा, आणि शेवटी सतरंजी झटकण्याआधी मोजा. झटकल्यावर मोजलं तर निळी सोंगटी अंगणातल्या कोंबड्यांकडे मागावी लागते.