वडिलांचं विसरणं आणि ‘ऊर्जेच्या’ गोळ्या

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे. केळीच्या बागेचा सगळा हिशेब तोंडपाठ असायचा. आता कालची मजुरी दिली की नाही, तेही आठवत नाही. मेंदूतल्या मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे पेशींमधल्या ऊर्जा बनवणाऱ्या केंद्रांना, ताकद देणाऱ्या गोळ्या द्या, असं एकाने सुचवलंय. द्याव्यात का?
– एक वाचक, रावेर

उत्तर : दादा, नका देऊ. विस्मरण थांबवतं असं सिद्ध झालेलं मायटोकॉन्ड्रियाचं औषध आज नाही.

पण त्यामागचं विज्ञान खरं आहे, आणि मला फार मोलाचं वाटतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. ऊर्जा मात्र सुमारे २० टक्के लागते. त्यातला मोठा वाटा सायनॅप्सवर, म्हणजे दोन पेशींच्या जोडणीवर खर्च होतो. आठवण टिकायची तर जोडणी मजबूत व्हावी लागते, त्यासाठी तिथल्या तिथे नवी प्रथिनं बनतात. ही ऊर्जा जवळचेच मायटोकॉन्ड्रिया पुरवतात. विहीर भरलेली असून भागत नाही, पाणी झाडाच्या बुडाशी पोचावं लागतं, तसंच हे. मेंदूशास्त्रज्ञ विद्या रंगराजू यांच्या संशोधनात दिसलं की पेशीच्या फांद्यांमधले मायटोकॉन्ड्रिया एका जागी धरून ठेवलेले असतात. ‘व्हॅप’ नावाचं प्रथिन काढलं की ते जागेवर टिकत नाहीत, आणि जोडणीत झालेला बदलही टिकत नाही.

वडिलांचं बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड आणि साखर आधी तपासा. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ कमी तर नाही ना, हे हमखास बघा; ती कमतरता भरून काढता येते. डॉक्टरांकडे जाताना आईंनाही सोबत न्या. घरात काय बदललं, ते त्याच नेमकं सांगतील.